झाडीपट्टीच्या नाटकात 'सांभाळणारी माय' उभी कशी करायची

रात्रीचे दोन वाजलेले. मंडपात धानाच्या तणसावर सतरंज्या टाकून बसलेल्या बाया अर्ध्या पेंगलेल्या. रंगमंचावर एक म्हातारी माईकखाली येते, पदर डोळ्याला लावते आणि म्हणते, "मी तुला जन्म दिला नसेल पोरी, पण..." पुढचं वाक्य मंडपातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पेंगणाऱ्या बाया कूस बदलतात, जाग्या असतात त्या बटव्यातून सुपारी काढतात. मी हे इतक्यांदा पाहिलंय की 'पण' ऐकलं की मीच चहा प्यायला बाहेर पडतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा सीझन लागतो तो होळीपर्यंत चालतो. गावोगावची मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर बाहेरचेही जरा वळून बघायला लागले. आपल्या संहितांमध्ये दाई, मोलकरीण, मोठीमाय, आत्या अशी एक सांभाळणारी बाई हमखास असते, आणि बहुतेक वेळा ती वाया गेलेली असते. गावच्या हौशी मंडळात नाटक लिहिणाऱ्या आणि बसवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कामाच्या ज्या क्रमाने मी जातो, त्याच क्रमाने.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट धरा. या बाईकडे आईची सगळी कामं असतात, आईचा हक्क एकही नसतो. नाटक त्या दोहोंच्या मधल्या फटीत आहे. ती फट शब्दांनी बुजवलीत की हातात फक्त रडारड उरते.

पहिली पायरी : पगार, झोप, जेवण

लिहायला बसण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरवा. तिला पैसे कोण देतं? ती झोपते कुठे? ती जेवते कधी आणि कशात?

समजा, जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, वाडा आहे. (आम्ही बसवलेलं नाटक हेच.) मालगुजारी 1951 साली गेली, पण आपल्याकडे वाडे राहिले आणि वाड्यातला रुबाबही बरीच वर्षं राहिला. घरची सून बाळंतपणात गेली. सालगड्याची बायको भागा हिचं तान्हं नुकतंच दगावलेलं. तिला अंगावर पाजायला बोलावली आणि ती राहिलीच. आता पोर शेवंता अठरा-एकोणीस वर्षांची झालीय. वर्षाला दोन लुगडी आणि ठरलेलं धान, हा भागाचा पगार. झोपते पोरीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर, सपरीत, म्हणजे पडवीत. जेवते सगळ्यांचं आटोपल्यावर, आपल्या वेगळ्या जरमनच्या ताटलीत, आणि ती ताटली स्वतः घासून वेगळ्या कोनाड्यात ठेवते.

त्या ताटलीत जात आली, गरिबी आली, अठरा वर्षं आली. संवादात काहीच सांगायला नको. पहिल्या प्रवेशात भागाला नुसती ती ताटली कोनाड्यात ठेवताना दाखवा. तिसऱ्या अंकात शेवंता रागाच्या भरात किंवा मायेने त्याच ताटलीत जेवायला बसली की मंडप आपोआप ताठ होतो.

वाडा नको असेल तर आश्रमशाळा घ्या. गडचिरोलीकडच्या पोरी सहा-सात वर्षांच्या वयात घर सोडून तिथे येतात. स्वयंपाकघरातली एखादी बाई किंवा कामाठीण त्यांचं डोकं बघते, ताप आला की रात्र काढते. तिला पगार सरकार देतं, मायेचा हुकूम कोणी काढलेला नसतो. या विषयावर नाटकं फार कमी आहेत. लिहा.

दुसरी पायरी : हाक

कोण कोणाला काय म्हणतं, आणि कोणासमोर काय म्हणतं, याचा तक्ता करा. थट्टा करत नाही, खरोखर तक्ता करा. आमच्या नाटकात शेवंता एकटी असली की 'भागामाय' किंवा नुसतं 'माय' म्हणते. मामाच्या गावचे पाहुणे आले की 'भागाबाई'. भागा एकांतात तिला 'पोरी' म्हणते, 'तू वो' म्हणते, आणि मालकांसमोर 'शेवंताबाई'. हा फरक प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात कानाने कळला पाहिजे. पुढे त्याच्यावरच मोठा प्रवेश उभा राहायचा आहे.

बोलीच्या बाबतीत हात जोडून एक विनंती. अकोल्याची वऱ्हाडी आणि आपली झाडी एकाच तोंडात कोंबू नका. वऱ्हाडात डोळ्याचा 'डोया' होतो, झाडीत 'डोरा'. आपल्याकडे पाणी म्हणजे 'पानी'. बाईमाणूसही 'मी जातो' म्हणते, ते पुस्तकी करून 'मी जाते' लिहिलंत की नट अडखळतो. भागाने झाडीच बोलावी. शेवंता शाळेत शिकलीय म्हणून तिच्या बोलण्यात पुस्तकी भाषा शिरते, पण घाबरली की ती भागाच्या भाषेवर येते. एवढं पाळलंत तरी ही पोर कोणाच्या मांडीवर वाढली ते कळतं.

तिसरी पायरी : हाताला काम द्या

इथे थांबून वेळ घालवा, कारण सगळं नाटक इथेच आहे.

आपलेच दोन जुने दाखले घ्या. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकातली मालविका ही विदर्भाची राजकन्या. लुटारूंच्या हल्ल्यात ताटातूट होऊन ती अग्निमित्राच्या राणीकडे दासी म्हणून येऊन पडते. त्याच राजवाड्यात कौशिकी नावाची संन्यासिनी आहे. ती मालविकेच्या भावाच्या अमात्याची बहीण. तो अमात्य त्या हल्ल्यात मारला गेला आणि हिने भगवी वस्त्रं घेतली. मालविका कोण हे तिला पहिल्यापासून माहीत, तरी ती बोलत नाही. शेवटच्या अंकात राणी धारिणी तिला म्हणते, तुम्हाला साजशृंगाराची एवढी हौस, तर या पोरीला विदर्भाकडचा लग्नाचा पोशाख चढवून दाखवा. आणि कौशिकी चढवते. जिला 'ही माझ्या देशाची लेक' म्हणता येत नाही, ती तिला आपल्या देशाची नवरी करून उभी करते.

कालिदासाने हे सजवणं पडद्यामागे ठेवलंय, आपल्याला फक्त सजलेली मालविका दिसते. मी असतो तर पडद्यासमोर आणलं असतं. लहान तोंडी मोठा घास, पण आमच्या प्रेक्षकाला हात बघायला आवडतात. (याच नाटकाच्या शेवटी विदर्भाचे दोन वाटे होतात आणि मधे हद्द म्हणून वरदा नदी ठरते. वरदा म्हणजे आपली वर्धा. तालमीत पोरांना हे सांगितलं की कालिदास एकदम चुलत्यासारखा वाटायला लागतो.)

दुसरा भवभूती. त्याने आपलं मूळ गाव विदर्भातलं पद्मपूर सांगितलंय. आमगावजवळचं पदमपूर ते हेच, असं मिराशींसारख्या अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे माणूस थेट झाडीपट्टीतलाच. त्याच्या 'मालतीमाधव'मधली कामंदकी ही बौद्ध भिक्षुणी मालतीच्या लग्नाची सगळी कारस्थानं करते, आणि मालती नाहीशी झाल्यावर कड्यावरून उडी टाकायला निघते. तुमची सांभाळणारी बाई नुसती कोपऱ्यात बसून राहत असेल तर तिला कामंदकीसारखी चालती करा. कथानक तिच्या पायाने पुढे जाऊ द्या.

आता आपलं काम. आम्ही वेणी घेतली. पूर्ण वेणी, खरोखर घालायची, चार मिनिटांची. संहितेत ती अशी होती :

शेवंता : धीरे वो माय. दुखते.
भागामाय : दुखते त रानभर कायले हिंडतेस? गाठीच गाठी.
शेवंता : ब्रह्मपुरीवाले येऊन गेले म्हने?
भागामाय : मान सिधी ठेव.
शेवंता : मी इचारतो न, माय.
भागामाय : तेल सरला वाटते.
(उठते. तेलाची वाटी भरलेलीच आहे.)

पोरीची पाठ तिच्याकडे असल्यामुळे वाटी भरलेली आहे हे फक्त प्रेक्षकाला दिसतं. ब्रह्मपुरीवाले येऊन गेले, पोरगी पसंत पडली आणि भागाला ते सांगवत नाहीये, हे एका वाटीने सांगितलं. कोणी रडलं नाही. मंडपात मात्र एक बाई मोठ्याने म्हणाली, "बुढी खोटी बोलते!" लेखकाला यापेक्षा मोठा वन्स मोअर नको.

एक फजितीही सांगून टाकतो. पहिल्याच प्रयोगात आमच्या नायिकेचे केस आखूड होते म्हणून गंगावन लावलं होतं. भागामाय करणाऱ्या बाई शेतात राबणाऱ्या, हात जड. गाठ सोडवायला फणी ओढली आणि गंगावन फणीसकट हातात आलं. मंडप दहा मिनिटं हसत होता, आणि पाठोपाठ बापाच्या मृत्यूचा प्रवेश होता. तेव्हापासून नियम केला : केस आखूड असतील तर वेणी काढून टाका, डोक्यावर तेल थापा. तेल थापण्यातही सगळं येतं, आणि ओढायला काही नसतं.

वेणीच हवी असं नाही. डोळ्यात गेलेलं कुसळ पदराच्या टोकाने काढणं, पायातला काटा काढणं, रोवण्याहून, म्हणजे भातलावणीहून, आलेल्या पोरीचे चिखलाचे पाय धुणं, काहीही चालेल. अट दोन : काम खरं असावं, आणि ते पूर्ण व्हायला वेळ लागावा.

चौथी पायरी : तिचं स्वतःचं दुःख, चिमूटभर

शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड जूलिएट'मधली दाई वाचा. तिचा पहिलाच मोठा संवाद म्हणजे नुसती बडबड आहे. जूलिएटला चौदा पुरी व्हायला पंधरा दिवस आणि वर काही, इथून सुरू होते आणि भूकंपाच्या दिवशी तिचं दूध कसं तोडलं, छातीला कडू वनस्पती कशी लावली, इथवर जाते. आपल्याकडे कडुलिंबाचा पाला वाटून लावतात, तोच प्रकार. या बडबडीच्या मधोमध ती सांगून जाते की माझी सुसान आणि ही एकाच वयाच्या, सुसान देवाघरी गेली, ती माझ्यासाठी फारच चांगली होती. एवढंच. पुन्हा विनोद सुरू.

आपण काय करतो? भागाच्या मेलेल्या तान्ह्यावर एक गाणं लिहितो, ऑर्गनवाला भैरवी धरतो आणि आपण ते दुःख कापसासारखं पिंजत बसतो. नका करू. एका वाक्यात, दुसऱ्याच कामाच्या मधे, सांगून टाका. आमच्या भागाने शेवंताचं जुनं झबलं घडी करताना म्हटलं, "हे पयले दुसऱ्याच पोराचा होता." आणि घडी ट्रंकेत ठेवली. प्रेक्षक हिशोब आपला आपण करतो.

पाचवी पायरी : तिच्या हातून चूक होऊ द्या

देवीसारखी बाई रंगमंचावर कंटाळवाणी होते. शेक्सपिअरची दाई सगळं नाटक पोरीच्या बाजूने धावते आणि तिसऱ्या अंकात, रोमिओला हद्दपार केल्यावर, म्हणते की आता त्या पॅरिसशीच लग्न कर. तिच्या परीने शहाणपणाचं. पोर सुरक्षित राहावी, एवढंच तिचं गणित. पण जूलिएटच्या मनातून ती त्या क्षणी उतरते आणि पुढचं सगळं पोर एकटीने करते. दाईचं प्रेम खोटं नाही, पण ते पोरीपेक्षा लहान पडलं.

तुमच्या बाईला अशी एक चूक द्या, आणि ती भीतीपोटी किंवा मायेपोटी होऊ द्या. स्वार्थापोटी नको. आमच्या नाटकात शेवंताने नागपूरला नर्सिंगसाठी अर्ज केलेला असतो. टपाल येतं. भागाला वाचता येत नाही, पण शिक्का मारलेला लिफाफा तिला कळतो. पोर शहरात गेली तर परत यायची नाही, ब्रह्मपुरी निदान खासराने, बैलगाडीने, जाता येईल अशी आहे. ती लिफाफा धानाच्या ढोलीत, कणगीत, खुपसते. पुढे धान काढायला कोणीतरी हात घालेपर्यंत दीड अंक जातो, आणि मुदत संपलेली असते.

तो दीड अंक सांभाळणं अवघड आहे. भागाने ढोलीकडे एकदाही बघू नये. नट हमखास बघतो, चोर नजर टाकतो, आणि खालून पोरं ओरडतात. तालमीत ढोली त्यांच्या पाठीमागे ठेवा.

सहावी पायरी : पोरीने तोडलं पाहिजे

लिफाफा सापडल्यावरचा प्रवेश लेखकाला फार मोह पाडतो. मी पहिल्यांदा तीन पानं लिहिली होती. आमच्या प्रॉम्प्टरनेच सांगितलं, "भाऊ, हे मलेच वाचून कंटाळा आला." तीन पानांची दोन वाक्यं केली. शेवंता म्हणते : "तू कोन वो माही? कामालेच त ठेवली तुले."

भागा उत्तर देत नाही. आत जाते. आतून भांडी घासल्याचा आवाज, चांगला मिनिटभर. मग ती हात पुसत उंबऱ्यात येते आणि विचारते :

"बाई, जेवाले वाढू का?"

एकांतात, पहिल्यांदाच, 'बाई'. दुसऱ्या पायरीचा तक्ता इथे कामाला येतो. आधीचे दोन अंक 'पोरी' आणि 'माय' नीट पेरलं नसेल तर हे वाक्य नुसतं जेवणाचं वाक्य राहतं. आम्ही केलं तेव्हा मंडपात थंडीचा खोकला तेवढा ऐकू येत होता. इथे ऑर्गनवाल्याचा हात खरोखर धरून ठेवा. मी आमच्या ऑर्गनवाल्याला त्या वेळी बिडी प्यायला पाठवतो.

बाकीची व्यवस्था

ही कामं पटापट उरकायची. माईक वरून लोंबतात, आणि वेणी घालणाऱ्या दोघी खाली बसतात, म्हणून त्यांना बाजेवर बसवा आणि बाज पुढच्या माईकखाली आणा. दिवे अंधारे करू नका, मागच्या ओळीला हात दिसले पाहिजेत. विनोदी पात्राला या दोघींच्या प्रवेशात शिरकाव नाही, त्याने कितीही गयावया केली तरी.

भूमिका कोणाला द्यायची यावर मात्र दोन शब्द. पूर्वी आपल्याकडे पुरुषच बायांची कामं करायचे आणि म्हाताऱ्या फार उत्तम करायचे. आता बाया मिळतात, तर चेहऱ्यापेक्षा हात बघून निवडा. नायिका बाहेरून येते, कित्येकदा प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळीच, प्रॉम्प्टरच्या भरवशावर. दोघींची ओळखही नसते. अशा वेळी संवाद घोकून घेण्यात वेळ घालवू नका. मेकअपच्या आधी अर्धा तास भागामाय करणाऱ्या बाईला नायिकेच्या डोक्याला तेल लावायला बसवा आणि आपण बाहेर जा. पहिली पाच मिनिटं दोघी अवघडतात, मग गाव कोणतं, लेकरं किती, इथून सुरू होतं. रंगमंचावर गेल्यावर पोरीची मान आपोआप मागे रेलते. ते शिकवून येत नाही.

शेवटचा प्रवेश

लग्न दाखवणार असाल तर पाठवणीत भागाला पुढे आणू नका. सगळे नवरीच्या भोवती, आणि मोलकरीण मागे, जेवणाच्या पंगतीची खरकटी उचलताना. शेवंताची नजर गर्दीवरून तिला शोधते, एवढंच करा.

आम्ही लग्न मोडलं. पुढच्या वर्षी शेवंता पुन्हा अर्ज करते, नागपूरला निघते. पहाटेची एसटी, बाहेर अंधार, बाकी घर अजून उठलेलं नाही. लिफाफ्यानंतर दोघी धड बोललेल्या नाहीत. शेवंता ट्रंक घेऊन सपरीत येते, केस मोकळे. भागा चूल पेटवत असते, वर बघत नाही. शेवंता तिच्या पुढ्यात पाठ करून बसते आणि फणी खांद्यावरून मागे धरते.

भागाने फणी घ्यायला वेळ लावावा. किती, ते त्या बाईवर सोडा. आमच्या बाई एका गावात इतका वेळ थांबल्या की पडदेवाल्याला वाटलं संवाद विसरल्या आणि त्याने दोरी सैल केली. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. मग तिने फणी घेतली. तीन पेडांपैकी दोन पडले की एसटीचा हॉर्न, आणि अर्ध्या वेणीवर पडदा. वेणी पुरी करू नका.

फणी लाकडी घ्या, प्लास्टिकची दिव्यात चकाकते. आणि दोन ठेवा. आमची एक सिंदेवाहीकडच्या प्रयोगात चोरीला गेली, आणि शेवटच्या प्रवेशात शेवंताने खांद्यावरून मागे धरला होता तो माझ्या खिशातला निळा कंगवा.